खडकीपाड्याच्या शिळेवरचे वाकलेले धनुष्य

सातपुड्यात खडकीपाड्याच्या वर वाट संपते आणि दरी सुरू होते. तिथे कडेलाच एक सपाट शिळा आहे. शिळेशेजारच्या लाकडी खांबावर एक धनुष्य टांगलेले असते. त्याला दोरी नाही, तरी ते वाकलेले आहे. खाली शिळेवर गावातली वापरातली धनुष्ये ठेवतात. त्यांनाही दोरी नसते, पण ती पट्टीसारखी सरळ पडलेली असतात. चार बोटे रुंद, पातळ, बांबूची गुळगुळीत साल बाहेरच्या अंगाला तशीच राखलेली.

आमच्या शाळेची सहल तिथे गेली, तेव्हा वेस्ताबाबांनी ही हकिकत सांगितली. ते सत्तरीचे आहेत आणि गावाची धनुष्ये तेच करतात. बोलताना त्यांचा अंगठा सारखा मांडीवरच्या बांबूवरून फिरत होता, कुठे खडबडीत लागते का ते बघत.

फार पूर्वी खडकीपाडा आणि शेजारचे उमरापाटी यांच्यात झऱ्यावरून वाद झाला, असे सांगतात. झरा या शिळेच्या पायथ्याशीच आहे. चैत्रात दुसरीकडे कुठे पाणी राहत नाही. झरा गेला असता, तर खडकीच्या बायकांना मडकी घेऊन नदीपर्यंत उतरावे लागले असते, आणि परत चढून येईपर्यंत दुपार टळली असती. शेवटी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी ठरवले, की आठ दिवसांनी खडकीच्या एका माणसाने शिळेवरून तीन बाण सोडायचे. एक जरी दरीपलीकडच्या सलईच्या झाडाला लागला, तर झरा खडकीचा. नाही लागला, तर उमरापाटीचा.

खडकीत रेहज्या नावाचा तिरंदाज होता. त्याचे धनुष्य अरुंद, जाड आणि ओढायला सगळ्यांत जड होते. तो वाघदेवापुढे नवस बोलला, की झरा मिळेपर्यंत धनुष्याची दोरी उतरवणार नाही. आठ दिवस ते चढवलेले धनुष्य त्याने खांद्यावरून काढले नाही. जेवतानाही ते पाठीवर असायचे.

त्याची आई सायटी बांबू चिरण्यात हुशार होती. ती म्हणाली, "रेहज्या, दोरी उतरव. तुला आठ दिवस ओणवं उभं केलं, तर नवव्या दिवशी ताठ होशील का?"

"नवस आहे माझा, आई."

"नवस तू बोललास. बांबू नाही बोलला."

पण रेहज्याने ऐकले नाही.

ठरलेल्या दिवशी दोन्ही गावे शिळेपाशी जमली. रेहज्याने पहिला बाण सोडला. तो अर्ध्यातच खाली वळला आणि दरीत पडला. दुसऱ्यासाठी त्याने दोरी कानापर्यंत ओढली. सोडताना धनुष्याची मूठ हादरली, पण बाण पहिल्याच्या थोडाच पुढे गेला. उमरापाटीची माणसे हसू लागली. एक जण ओरडला, "अरे दादा, तिसरा हातानेच फेक! लांब जाईल!"

तेव्हा सायटी पुढे आली. मक्यावरची माकडे हाकायचे तिचे धनुष्य तिच्या हातात होते. ते रुंद आणि चपटे होते, आणि वर्षभर चुलीवरच्या माळ्यावर सरळ पडून असायचे. ते पाहून पुन्हा हशा पिकला. "म्हातारे, ही पाळण्याची पट्टी कशाला आणलीस?"

सायटीने तिकडे पाहिलेही नाही. तिच्या धनुष्याची दोरी उंदरांनी कुरतडली होती. दोन्ही धनुष्ये तिनेच एका लांबीची केली होती, म्हणून रेहज्याचीच दोरी त्याला बसली असती. पण त्यासाठी नवस मोडावा लागणार होता.

रेहज्याने शिळेच्या कडेशी जाऊन वाकून पाहिले, म्हणे. खाली झऱ्यावर बायका मडकी घेऊन थांबल्या होत्या. मग तो मोठ्याने म्हणाला, "वाघदेवा, शब्द मी मोडतोय. जे घ्यायचं ते माझ्याकडून घे, गावाकडून नको." आणि त्याने दोरी उतरवली. धनुष्य सरळ झालेच नाही. होते तसेच वाकलेले राहिले.

आईच्या धनुष्यावर दोरी चढवून त्याने तिसरा बाण लावला. ते शेवटपर्यंत एकसारखे ओढले गेले, कुठे अडले नाही. सोडताना मूठ हलली नाही. बाण दरीवरून गेला आणि सलईत रुतला.

"पट्टी रुंद असली की वाकण्याचा भार सगळ्या अंगावर वाटला जातो," वेस्ताबाबा म्हणाले. "आणि काम झालं की तिला निजू द्यायचं. एवढंच आहे त्यात."

झरा खडकीला मिळाला. रेहज्याने मात्र पुन्हा बाण सोडला नाही. वाघदेवाने काही मागितले नाही, तेव्हा रेहज्याने बाण सोडणारा आपला हात आपणहून देवाला वाहिला, असे गाव मानते. उरलेले आयुष्य तो आईशेजारी बसून इतरांसाठी चपटी धनुष्ये करत राहिला. आपले वाकलेले धनुष्य त्याने शिळेपाशी टांगले. ते किडले की गाव नवे करते, आठ दिवस ताणून ठेवते आणि दोरी काढून तिथेच लावते.

बाबांनी आम्हाला एक बाण सोडून दाखवला. लगेच दोरी उतरवली आणि धनुष्य शिळेवर ठेवले. एका मुलाला धनुष्य ताणलेले असताना फोटो हवा होता.

"दोरी चढवून ठेवा ना बाबा, दोनच मिनिटं."

"रेहज्याला आठच दिवस हवे होते," बाबा म्हणाले. "निजलंय ते. तसाच काढ फोटो."

आजही खडकीपाड्यात दोरी चढवलेले धनुष्य घरात नेत नाहीत. शिळेवर उभे राहून दोरी चढवतात, बाण सोडतात आणि तिथेच उतरवतात. मग झऱ्याचे पाणी पिऊन घरी जातात.