पाणी गोड म्हणायची रीत

फार जुनी गोष्ट. ज्या गावात घडली, त्या गावाचं नाव आज कुणालाच सांगता येत नाही. का, ते शेवटी कळेल. आत्ता विचारू नका.

त्या गावच्या पाटलीणबाईंची एकुलती एक लेक तापात ‘पाणी, पाणी’ करत गेली. तिच्या नावाने आईने वेशीबाहेर विहीर खणली. पहिली घागर वर आली तेव्हा जमलेल्या पाहुण्यांनी ओंजळभर पाणी पिऊन म्हटलं, "गोड आहे हो पाणी!" त्या माउलीच्या डोळ्यांना धार लागली. तेव्हापासून रीतच पडली. त्या विहिरीचं पाणी प्यायचं आणि गोड म्हणायचं.

पाणी गोड नव्हतं. चांगलंच जड होतं. त्यात डाळ शिजत नसे, रिठ्याला फेस येत नसे आणि घागरीला आतून चुन्यासारखा पांढरा थर धरे. डाळ कच्ची राहिली की बायका डाळीला नावं ठेवत, सरपणाला ठेवत, सुनेला तर ठेवतच. विहिरीला कुणी ठेवत नसे.

याच विहिरीवर एका माळ्याची लिंबाची बाग होती. माळी आणि माळीण यांना मूलबाळ नव्हतं. दोनशे झाडं त्यांनी रोपापासून वाढवली होती, आणि जगात त्यांचं म्हणावं असं तेवढंच होतं.

सहाव्या वर्षी पानं पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. आळ्यांतल्या मातीवर पांढरी पापडी धरली. माळ्याला वाटलं, झाडं तहानली आहेत. तो रोज थोडं थोडं पाणी देऊ लागला. पानं आणखीच पिवळी झाली.

एक दिवस मेंढरं घेऊन चाललेली म्हातारी धनगरीण पाणी प्यायला थांबली. तिने घोट घेतला आणि थुंकून टाकला.

"लई जड पानी हाय, बाबा. झाडं मारशील यानं."

माळ्याने आधी आजूबाजूला कुणी ऐकलं का ते पाहिलं. मग विचारलं, "हळू बोला, आजी. उपाय हाय का काही?"

"हाय की. पावसाचं पानी मोठ्या टाक्यात धरून ठेव. निम्मं ते, निम्मं हिरीचं, आसं मिसळून दे. आळ्यात शेणखत घाल. रोज शिपडत बसू नगंस. आन् बागंला चर काढ, म्हंजी पावसात खार धुऊन जाईल."

खत घालणं, चर काढणं माळ्याच्या हातचं होतं. ते त्याने केलं. पण टाकं बांधायला सगळं गाव लागणार, आणि गाव हलायचं ते पाटलीणबाईंच्या शब्दावर.

"अवो, जावा की," माळीण म्हणाली. "सरळ सांगा त्यास्नी."

"काय सांगू? तुमच्या मेल्या लेकीच्या नावाचं पाणी वाईट हाय म्हणून?"

"झाडं चालली आपली!"

माळी गेला. वाटभर एकच वाक्य घोकत गेला. पाटलीणबाई ओसरीवर धान्य निवडत होत्या.

"ये रे माळीदादा. पाणी पुरतंय ना बागेला?"

"पुरतंय की, बाईसाहेब," माळी म्हणाला. "गोड हाय पाणी."

इथे मला या माळ्याचा राग येतो. कीवही येते, पण राग जास्त.

असे चार पावसाळे गेले. दर वर्षी तो जायचा आणि गोड म्हणून परत यायचा. हवं होतं ते पावसाचं पाणी त्याच्या डोळ्यांदेखत ओढ्याने वाहून जायचं. शेवटचं झाड वाळलं त्या दिवशी माळिणीने चूल पेटवली नाही.

बातमी ऐकून पाटलीणबाई बागेत आल्या. त्यांनी मातीवरची पापडी उचलून पाहिली.

"हे कशानं झालं?"

"पाण्यानं, बाईसाहेब. जड हाय ते."

"कधी कळलं तुला?"

"चार वर्सं झाली."

"मग बोलला का नाहीस? एका उन्हाळ्यात टाकं बांधून दिलं असतं मी!"

"गोड म्हणायची रीत हाय नव्हं."

पाटलीणबाईंनी हातातली पापडी चुरून टाकली. "अरे, ती रीत पाहुण्यांची. तू काय पाहुणा होतास?"

टाकं बांधलं गेलं. पावसाळ्यात काठोकाठ भरलंही. पण माती दगड झाली होती. त्यात लावलेलं एकही रोप धरलं नाही. माळी-माळीण गाव सोडून गेली. मग त्याच विहिरीवरचे शेजारचे मळे बसले, त्यांचे मालकही गेले. शेवटी दाराला कडी लावायलासुद्धा कुणी उरलं नाही, मग गावाचं नाव सांगायला कोण उरणार?

तात्पर्य: पाहुण्याने गोड बोलावं, पण घरच्याने खरं सांगितलं नाही तर घर राहत नाही.