वळणावरची कटकट

बोरघळ बाजार समितीचे अध्यक्ष दादासाहेब इंगवले नवी पिकअप घेऊन रोशनबीच्या गॅरेजात आले ते तावातावानंच. गाडी वळवली की खालून कटकट आवाज येई. "रोशनबी, आजच्या आज आवाज बंद कर, नाहीतर गाळा खाली कर," त्यांनी बजावलं. गाळा समितीचाच होता.

रोशनबीनं आत डोकावलं. चारही चाकांना जोर देणारा दांडा टाकलेला होता.

"दादासाहेब, हा चिखलापुरता असतो. डांबरीवर कशाला?"

"चार चाकांचा जोर असताना दोनावर का चालवू?"

"बरोबर आहे!" त्यांच्यासोबत आलेले कार्यकर्ते मागून म्हणाले.

रोशनबी ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. तिनं त्यातलेच दोघं शेजारी उभे केले, दोघांच्या कमरा एका दोरीनं बांधल्या आणि सांगितलं, "पावलं अगदी सारखी टाकायची." सरळ चालले तोवर ठीक. आवारातल्या कडुनिंबाला वळसा घालताना आतला पुढं निघाला, बाहेरचा मागं राहिला, दोरी करकचली आणि दोघंही आपटले. पण तोंडातून ब्र नाही.

"वळणावर पुढची चाकं लांबून जातात, मागची जवळून. दांड्यानं ती अशीच बांधलीत तुम्ही. चिखलात घसरून निभावतं, डांबरावर चाक घसरत नाही, म्हणून गाडी ओरडते."

दादासाहेब गुरगुरले, "मग ही माणसं कुठं ओरडली?"

"ती तुमची माणसं आहेत, दादासाहेब. गाडीला तुमची भीती नाही."

दादासाहेबांनी दांडा मागं घेतला. निंबाला वळसा घालून गाडी गेली ती चिडीचूप. ती फाटकाबाहेर पडली, तेव्हा कुठं दोरीतले दोघं "आई गं!" म्हणाले.