राजीआत्याचं सूप

"मग राखेत पाऊल का उठत नाही, बाबा?"

राजीआत्याच्या मातीपाशी नवसूनं काकड्या भगताला विचारलं. भगत विडी ओढत राहिला.

पाड्याची रीत अशी, की पुरल्या जागी राख चाळायची, वर टोपली पालथी घालायची. माणूस पुढं गेलं की राखेत पाऊल उठतं. तीन दिवस झाले, राजीआत्याची राख कोरीच.

नवसूला राजीनंच वाढवलेलं. लुगडं नेसून शिकारीला जायची राजी. कुणी आत्या म्हणायचं, कुणी काका. दोन्हीला ओ द्यायची. नवसू चार बुकं शिकला, भगताचा चेला झाला आणि त्याला लाज वाटायला लागली. हाक मारायचंच सोडलं त्यानं.

"पुरताना बाप्याला बाण देतात, बाईला सूप. मी बाण दिला. सरकारी कागदावर पुरुषच लिहिलंय," नवसू म्हणाला.

"आणि तिचं सूप?"

"घरी. खुंटीला."

"हं..."

भगतानं विडी विझवली.

"माझ्या आज्याच्या वेळी माणसं मोजायला गोरा साहेब आला. म्हणाला, बाप्ये इकडं, बाया तिकडं. राजीसारखे सात जण मधेच उभे राहिले. लग्नं तेच लावायचे, नव्या भाताचा पहिला घास त्यांचा. साहेबानं त्यांचे केस भादरले, लुगडी जाळली. पुढच्या साली आला, तर मधे कुणीच नाही."

"मारले?"

"कशाला मारतोय? आपल्याच माणसांनी ओढून बाजूला घेतले. एकाचा हात माझ्या आज्यानं धरला होता."

"जुनं झालं ते, बाबा."

"झालं का?"

भर दुपार. पान हलत नव्हतं.

फट्... फट्...

सूप पाखडल्याचा आवाज. पायाखालून.

नवसू पळत सुटला. घरी सूप खुंटीलाच होतं. खाली जमिनीवर मात्र ताज्या तुसाचा ढीग.

सूप छातीशी धरून तो परत आला.

"बाबा, बाण उकरून काढू? त्याच्या जागी हे ठेवू?"

"अजून तुला एकच द्यायचंय, गाढवा?"

नवसूनं सूप मातीवर ठेवलं. 

"आत्या..."

फट्... फट्...

"काका..."

आवाज थांबला.

त्यानं टोपली उचलली. राखेत दोन पावलं. बोटं त्याच्याकडं वळलेली. बघता बघता पुढं तिसरं उमटलं, त्याच्या अंगठ्याला भिडून थांबलं.

नवसूचे पाय जागचे हलेनात.

भगतानं नवी विडी पेटवली.

"बाजूला हो, नवसू. आता तू मधे उभा आहेस."