हलिमाबीचे तळवे

तिथी फाल्गुन वद्य पंचमी होती आणि सकाळपासून वारा पडला होता, एवढं सुरंगखोली गावात प्रत्येक जण सांगतो. साल विचारलं तर नुसते हात वर करतात, इतकी ही जुनी गोष्ट.

त्या काळी गावात हलिमाबी नावाची अत्तारीण राहायची. सुरंगीच्या कळ्या उमलायच्या आत खुडायची, तांब्याच्या डेगीत पाण्यासोबत घालायची, तोंड चिकणमातीने लिंपून खाली मंद जाळ लावायची. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरायची. त्या भांड्यात चंदनाचं तेल असायचं. ते आपला वास मागे सारायचं आणि फुलाला जागा द्यायचं. असं म्हणतात, तिचं अत्तर लावलेल्या माणसाच्या मागोमाग भुंगे दारापर्यंत यायचे.

विहिरीवर बायका चिडवायच्या, "काय गं हलिमाबी, अंघोळीचा कंटाळा आला की लावायचं ना हे?"

"तुझ्या घोवाला पुरेल एवढी मोठी डेग नाही गं माझ्याकडे," ती म्हणायची. मग हसू आवरून सांगायची, "दिवा विझला तरी आपल्या माणसाला कळावं, आपणच आहोत, म्हणून लावायचं."

त्या वर्षी गोपिकाकाकींची सून द्वारकी तापाने गेली. मागे तान्ही मुलगी राहिली. सुतक फिटलं तसं काकींनी रीतीप्रमाणे घर सारवलं. द्वारकीची लुगडी, गोधडी, बाळाची दुपटीसुद्धा ओहोळाच्या डोहावर नेऊन धुतली. त्या दिवसापासून पोर दूध घेईना. शेजारणीने छातीशी धरलं, बोळ्याने बकरीचं दूध पाजून पाहिलं. पोर हुंगायची, मान फिरवायची आणि रडायची. मग तिचं रडणंही थांबलं.

त्या पंचमीला काकी तिला घेऊन हलिमाबीकडे आल्या.

"आईचा वास शोधतेय गं ही. आणि मी मेलीने एक चिंधीसुद्धा ठेवली नाही. तू काढ तो वास, नाहीतर हीपण जाईल."

हलिमाबी डोहावर गेली. फाल्गुनात ओहोळ वाहत नाही, धुण्याचं पाणी तिथेच साचलेलं होतं. तिने त्या पाण्याने डेग भरली, तोंड लिंपलं, जाळ लावला. काकींनी चंदनाच्या तेलाची बुधली पुढे केली.

"ते नको, काकी. फुलाला चंदन चालतं. माणसाच्या वासाला माणूसच लागतो."

आणि तिने आपले उघडे तळवे नळीखाली धरले.

असं म्हणतात, तेव्हा डेगीच्या आत बांगड्या वाजल्या. कुणी तरी हातातल्या बांगड्या मागे सारत होतं.

"पीठ मळायला बसली की अशाच सारायची," काकी पुटपुटल्या.

वाफ तळव्यांवर उतरली, पण तळवे भाजले नाहीत. हलिमाबीने पोर मांडीवर घेतली. पोरीने तिचा हात हुंगला, बोट तोंडात धरलं, आणि मग बोळ्याने बकरीचं दूध प्यायली.

पोर भात खायला लागेपर्यंत हलिमाबीने तिला पाजलं. तोवर द्वारकीचा वास तिच्या हातांवर राहिला, मग तोही गेला. तिचा स्वतःचा, मागे सारलेला वास मात्र परत आला नाही. आधी तिचं कुत्रं उंबऱ्यावरून तिच्यावर गुरगुरलं. मग ती विहिरीवर उभी असताना बायका तिच्याविषयी बोलू लागल्या, ती तिथे नसल्यासारखं. काकी तेवढ्या हाक मारायच्या, "हलिमाबी, आहेस का गं?" उत्तर अगदी खांद्याजवळून यायचं, "ही काय, इथेच आहे."

एकदा काकींनी पुन्हा पुन्हा हाक मारली. उत्तर आलं नाही.

सुरंगखोलीत अजूनही गेलेल्या माणसाचं एक वस्त्र वर्षभर न धुता ठेवतात. शिमगा सरला की बायका हलिमाबीच्या पडक्या घराच्या दगडी उंबऱ्याला सकाळी अत्तर चोळतात. संध्याकाळी लहान मुली वाकून तो दगड हुंगतात. दगडाला वास येत नाही.