टाकलेला डाव

“शपथ देताय का न्हाई, अप्पा? तेवढंच सांगा.”

जयवंत कोगनोळे मठाच्या ओसरीवर उभा होता. बस म्हटलं तरी बसत नव्हता. मठाचे स्वामी रामलिंगअप्पा भिंतीला टेकून सुपातले तांदूळ निवडत होते. त्यांनी एक खडा काढला, उजेडात धरून बघितला आणि बाजूला टाकला.

“कसली शपथ?”

“पत्त्याला पुन्हा हात लावणार न्हाई म्हणून. जत्रेदिवशी, पालखी निघायच्या आधी. समद्यांच्या देखत कॅट फाडतो आणि धुनीत टाकतो.”

“फाडून वर जाळायची?” अप्पा म्हणाले. “नुसती जाळली तर जळत न्हाई?”

जयवंतला हसू आलं नाही. हसण्याजोगं त्याच्याकडे फारसं काही उरलेलं नव्हतं.

हा जयवंत म्हणजे पारावर बसून वेळ घालवणारा पत्तेवाला नव्हे. रमी हाच त्याचा धंदा होता. समोरच्यानं टाकलेलं पान एकदा डोक्यात जाऊन बसलं की डाव संपेपर्यंत तिथून हलायचं नाही. तीन-चार हात फिरले की कुणाच्या हातात काय आहे ते त्याला दिसायला लागायचं. कोल्हापूर झालं, बेळगाव झालं, गोवा झालं. क्लबवाले गाडी पाठवून त्याला न्यायचे. त्याच्या दंडात ताईत आहे असं लोक म्हणायचे, आणि तो मुद्दाम बाह्या खाली सोडून बसायचा, म्हणजे बोलणाऱ्यांना बोलायला मिळावं.

त्यानं घर बांधलं, जीप घेतली, बायकोला, शालनला, पाटल्या केल्या.

मग ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं गेलं. जीप गेली. शेत गेलं. पाटल्या डब्यातून उचलल्या आणि सोनाराकडे उजळायला दिल्यात म्हणून सांगितलं. शालननं भांडण केलं नाही. तिनं त्याचे कपडे पिशवीत भरून पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली.

“अप्पा शब्द देतील त्या दिवशी आत या,” ती म्हणाली. “तुमच्या शब्दाचं मला काय सांगू नका.”

तेव्हापासून तो त्याच गावात बहिणीच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहत होता. शालन शिलाई करून घर चालवत होती. दर सोमवारी ती बसनं मठात यायची, दर्शन घ्यायची, अप्पांच्या तोंडाकडे बघायची आणि काही न विचारता परत जायची.

हे सगळं अप्पांना ठाऊक होतं. जयवंतलाही ठाऊक होतं, म्हणून तर तो आज सोमवार बघून आला होता.

“रमी कशी खेळत्यात रं?” अप्पांनी विचारलं. “मला त्यातलं काय कळत न्हाई.”

“आता ते कशाला, अप्पा?”

“जे सोडायचं म्हणतोस ते बघू तरी दे. पत्ते हायत जवळ?”

जयवंतनं खिशातून कॅट काढली. काढताना जरा ओशाळला.

“जाळायलाच आणलीया.”

“जत्रा अजून लांब हाय,” अप्पा म्हणाले.

त्यांनी सूप बाजूला सारलं. पत्ते हातात घेतले, पिसता येईनात म्हणून तसेच ओसरीवर पसरले, इकडून तिकडून तेरा पानं गोळा केली आणि जयवंतपुढे धरली.

“ही आली तर काय करायचं?”

जयवंतनं नुसती नजर टाकली.

“काय न्हाई ह्यात. टाकायचा डाव.”

“टाकायचा म्हंजे?”

जयवंत बसला. एवढा वेळ जो बसत नव्हता तो आपोआप मांडी घालून बसला. त्याचे डोळे चमकायला लागले.

“हे बघा अप्पा. पानं वाटून झाली की आधी नीट बघायची. जुळण्याजोगी नसली तर पहिलं पान उचलायच्या आधीच समदी उपडी ठेवायची. टाकला, म्हणायचं. थोडा दंड बसतोय. पण खेळत बसलं आणि हरलं, तर लई मोठा बसतोय.”

“म्हंजे हरायच्या आधीच हरायचं.”

“व्हय. पण थोडक्यात.”

“आणि हे समद्यांना जमतंय?”

“कुठलं जमतंय!” जयवंत पुढे सरकला. “खेळायला कुणालाबी येतंय, अप्पा. टाकायला काळीज लागतंय. पानं हातात आली की माणसाला वाटतं, एवढं एक पान यील, मग ते दुसरं यील. मी दिवसभर बसायचो आणि मोजकेच डाव खेळायचो. बाकीचे टाकायचो. लोक मला चिक्कू म्हणायचे. हसायचे. सांजच्याला भरल्या खिशानं मीच उठायचो.”

“चांगलं हाय की,” अप्पा म्हणाले. “आणि मग?”

“मग नाव झालं.”

“नाव झाल्यावर?”

“नाव झाल्यावर काय... मी खेळायला बसलो की दुसरी टेबलं मोकळी व्हायला लागली. माणसं माझ्या खुर्चीमागं उभी राहायची. न मागता चहा यायचा. मालक नव्या माणसाला सांगायचा, ह्यो कोगनोळे, ह्याचा हात बघून घ्या.”

“पानं चांगली यायला लागली असतील मग.”

“पानांना काय कळतंय नाव? ती पहिल्यासारखीच यायची.”

“अशीबी यायची?” अप्पांनी हातातल्या तेरा पानांकडे बोट दाखवलं.

“अशीच जास्त.”

“तवा टाकत व्हतास न्हवं?”

जयवंतनं ओसरीवरचं एक पान उचललं आणि पुन्हा उपडं ठेवलं.

अप्पांनी घाई केली नाही. आत स्वयंपाकघरात कुणीतरी पातेलं घासत होतं, तेवढाच आवाज.

“लोक बघत व्हते, अप्पा,” जयवंत शेवटी म्हणाला.

...

“जत्रेला माणूस किती येतंय रं?” अप्पांनी विचारलं.

“येतंय की. पाच-सहा गावांचं...”

तो मध्येच थांबला. त्याचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. मग त्याच्या कानशिलांवर लाली चढली. पकडलं गेल्यावर माणसाला प्रथम राग येतो, तसा त्यालाही आला.

“म्हंजे शपथ देणार न्हाई तुमी.”

“न्हाई.”

“शालनला शब्दबी देणार न्हाई.”

“आज माझ्याकडं न्हाई.”

“मग ती मला घरात घेणार न्हाई, अप्पा. ठाऊक हाय न्हवं तुमास्नी? बहिणीच्या गोठ्यात मरायचं काय मी?”

अप्पांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

जयवंतनं पत्ते गोळा केले, खिशात कोंबले आणि नमस्कारही न करता पायऱ्या उतरून गेला. तो खरोखरच दुखावला होता. इतकी वर्षं खोटं बोलून झाल्यावर आज एकदा मनापासून काहीतरी द्यायला आला होता, आणि ते घेतलं गेलं नव्हतं.

मठाच्या पायऱ्या संपतात तिथं एक चिंच आहे. जत्रेचे पाळणेवाले आणि दुकानदार आधीच येऊन पडलेले होते आणि चिंचेखाली घोंगडं अंथरून त्यांची रमी चालली होती. त्यात बंडा मगदूम होता. जयवंतच्या चांगल्या दिवसांत त्याच्या खुर्चीमागे उभा राहणाऱ्यांतला हा एक.

“अरं, कोगनोळे,” बंडा म्हणाला. “ये की. एक हात.”

इथं त्याची बाजू घ्यावी असं मला वाटत नाही. वीस पावलांवर रस्ता होता, रस्त्यावर बस येणार होती आणि खिशात भाड्याचे पैसे होते. तो बसला.

त्याच वेळी खालच्या फाट्यावर दुसऱ्या बाजूची बस थांबली आणि शालन उतरली. चार पावलं आली आणि रसवंतीच्या गाड्याआड थांबली. तिनं नवऱ्याची पाठ ओळखली, घोंगडं बघितलं, वाटली जाणारी पानं बघितली. तिच्या हातातली फुलांची पुडी चुरगळली.

वर ओसरीवरून अप्पांनाही दिसत होतं. ते बघत राहिले. हाक मारली नाही.

कोगनोळे बसलाय ही बातमी चिंचेखाली फिरायला वेळ लागला नाही. पाळणेवाले हातातलं काम टाकून आले. कुणीतरी चहा सांगितला. जयवंतनं पानं उचलली, लावली.

काही नव्हतं. किल्वरची दोन लागून होती, बाकी सगळा उकिरडा.

मागे माणसं दाटली होती. त्यांचा श्वास त्याच्या मानेला लागत होता, आणि खरं सांगायचं तर किती दिवसांनी त्याला बरं वाटलं. डोक्यात हिशेब सुरू झाला. चौकटची सत्ती आली तर... जोकर आला तर... आणि लोकांना दाखवता आलं तर, असल्या पानांतून कोगनोळे काय करतो ते.

त्यानं हात पुढे केला. गठ्ठ्यावर नेला.

तिथंच थांबला.

“उचल की,” बंडा म्हणाला.

...

“उचल की रं. झोपलास काय?”

जयवंतच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं हात मागे घेतला. तेरा पानं एकावर एक नीट जमवली आणि घोंगड्यावर उपडी ठेवली.

“टाकला.”

कुणाला आधी खरंच वाटेना. मग एकजण हसला, मग सगळेच हसायला लागले. “पहिल्याच हाताला?” बंडा म्हणाला. “कोगनोळे, भ्यालास व्हय?”

“व्हय,” जयवंत म्हणाला.

त्यानं खिसा उलटा केला, होते ते भाड्याचे पैसे दंडापोटी घोंगड्यावर ठेवले आणि उठला. उठताना त्याचा पाय घोंगड्यात अडकला. तेही लोकांनी बघितलं आणि त्यावर आणखी हसून घेतलं. एकानं तर त्याच्या चालण्याची नक्कल करून दाखवली. जयवंतनं मागे वळून बघितलं नाही. शालन गाड्याआड उभी आहे हे त्याला कळलंही नाही. तो रस्त्याला लागला आणि गावाच्या दिशेनं चालत सुटला.

शालन पायऱ्या चढून वर आली ती पेटलेलीच.

“बघितलासा न्हवं, अप्पा?”

“बघितलं.”

“शपथ घेतली त्यांनी?”

“न्हाई.”

“तुमी काय शब्द दिलासा त्यांच्या वतीनं?”

“न्हाई दिला.”

“आणि वर माझ्या डोळ्यांदेखत पत्ते हातात घेतले. देवाच्या पायरीला.” ती मटकन खाली बसली. पदर तोंडाला लावला आणि रडली. एवढ्या सोमवारांत ती अप्पांपुढे एकदाही रडली नव्हती. “कुणाला सांगू, अप्पा? लोक म्हणत्यात, सुटलीस. मला न्हाई सुटल्यासारखं वाटत. शिलाईवर बसलं तरी कान दाराकडंच असतोय. यावं वाटतंय. आणि आले तर पुन्हा काय जाईल म्हणून भ्याबी वाटतंय.”

अप्पांनी तिला रडू दिलं.

खाली रस्त्यावरून गावाकडची बस गेली. चालत निघालेल्या माणसाजवळ ती जरा हळू झाली, भोंगा वाजवला. माणसानं हातानंच पुढे जा म्हणून खूण केली. बस धुरळा उडवत गेली आणि धुरळा बसल्यावर तो पुन्हा दिसायला लागला, आहे त्याच चालीनं चाललेला.

शालनही बघत होती.

“चढला न्हाई,” अप्पा म्हणाले.

“भाड्याचं पैसं तितं ठेवलं न्हवं,” शालन म्हणाली. “मी बघितलं.”

“आणिक काय बघितलंस?”

 तिनं पदराच्या टोकानं डोळे पुसले.

“हसत व्हते समदे,” ती हळूच म्हणाली. “नक्कल करत व्हते त्यांची. पयलं असं कुणी हसलं असतं, तर त्यांनी अंगावरचा सदरासुदीक लावला असता डावावर. पण उठायचं नाव घेतलं नसतं.”

...

“आज उठले,” ती म्हणाली. म्हणून झाल्यावर स्वतःच थबकली आणि अप्पांकडे बघायला लागली.

अप्पा तांदूळ निवडत होते.

“चालत किती येळ लागंल गं त्याला?”

“दिवस मावळंल.”

“सकाळधरनं काय खाल्लं नसंल त्यानं.”

 शालन खाली बघून पुडीतली चुरगळलेली फुलं बोटांनी सरळ करत राहिली.

“अप्पा,” तिनं विचारलं, “मी काय करू?”

अप्पांनी सूप एकदा पाखडलं आणि खाली ठेवलं.

“मागनं दुसरी गाडी येतीया, ती धर,” ते म्हणाले. “आणि घरी गेल्यावर पीठ दोघांचं मळ.”