चार शून्यं

“ओळख पटली म्हणतोस, मग आत का घेत नाहीत त्याला?” अक्कांनी विचारलं.

“आत घेतलंय, अक्का. त्यालाच ते कळलेलं नाही.”

धीरनाथनं खांद्यावरची पिशवी खाली न ठेवताच उत्तर दिलं. दोनची एसटी होती. तो मठ सोडायची परवानगी मागायला आला होता आणि मठ चालवणाऱ्या अक्कांनी त्याला पोथ्यांच्या खोलीतल्या, नेट बंद पडलेल्या लॅपटॉपपुढे बसवलं होतं.

मठातलं सगळं नेटवर्क त्यानंच उभं केलं होतं. सव्वा महिन्यापूर्वी दीक्षा होईपर्यंत तो चौबळसाहेब होता. कंपनीत सव्वीस वर्षं माणसं ‘सर, सर’ करत मागं फिरली की मानेला एक ताठा येतो. छाटी भगवी घातली म्हणून तो जात नाही.

“नीट सांग. मी चौथी शिकलेली बाई आहे.”

“मशीन जोडलं की आधी त्याला बाहेरचा, तात्पुरता पत्ता मिळतो. त्या पत्त्यावरून एवढंच करायचं... आपण कोण ते सांगायचं. पासवर्ड बरोबर निघाला की त्याची जागा आतल्या जाळ्यात. तिथला पत्ता वेगळा.”

“मग?”

“हे जुनाच पत्ता धरून बसलंय. आत येऊनही बाहेरच्या पत्त्यावरून हाका मारतंय. उत्तर येणार कुठून?”

“मूर्ख आहे.”

“मूर्ख नाही, अक्का. त्याला कुणी सांगितलं नाही.”

अक्का भिंतीला टेकल्या. गुडघे दाबत राहिल्या. दमलेल्या दिसत होत्या. गेल्या पावसाळ्यापासून तशाच दिसत.

“तू का चाललास?”

धीरनाथला हाच प्रश्न हवा होता. उत्तर त्यानं चार दिवस घोटून ठेवलं होतं. तोंडून निघालं ते भलतंच.

“मला इथं कुणी जेवायला बोलवत नाही.”

बोलला आणि स्वतःच ओशाळला. पन्नाशीचा माणूस!

पण खोटं नव्हतं. दुपारी जेवणघर सांभाळणारे गणूबुवा ओसरीवर येऊन एकेका पाहुण्यापुढं हात जोडायचे, “चला, पान वाढलंय.” दीक्षेआधी तीन महिने धीरनाथला त्यांनी रोज तसंच बोलावलं होतं. दीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून गणूबुवा त्याच्यासमोरून सरळ पुढं जायला लागले. तो ओसरीवर बसून राहायचा. मागून खाणं त्याच्या रक्तात नव्हतं. मग स्टँडवर जाऊन पोहे खाऊन यायचा.

“कंपनीनं परत बोलावलंय,” तो म्हणाला. “तिथं निदान माझी वाट बघणारं कुणीतरी आहे. मी थकलो, अक्का. रागावलेलो नाही. नुसता थकलोय.”

अक्का उठल्या. दोनदा प्रयत्न करून उठल्या. जेवणघराकडचं दार त्यांनी ढकललं.

आत पंगत उठून गेली होती. पाट उचलले होते. एक सोडून.

त्या पाटापुढं केळीचं पान. वरण, भात, गवारीची भाजी, कडेला मिठाची चिमूट. भातावर साय धरल्यासारखा कोरडेपणा आलेला.

“हे कुणाचं?”

“धीरनाथचं.”

“...कधीपासून वाढताय?”

“तुझ्या कानात दीक्षेचा मंत्र फुंकला त्या दिवसापासून. रोज गाईला जातं. चांगली माजलीय ती.”

“पण मला कुणी बोलावलं नाही!”

“बोलावतात ते पाहुण्यांना.”

धीरनाथ पानाकडे बघत राहिला. बाहेर गणूबुवा भांडी आपटत होते.

“निदान एकदा तरी सांगायचं...” शेवटी तो पुटपुटला.

“हो. मीही तेच म्हणते कधी कधी.” अक्का परत येऊन लॅपटॉपशेजारी बसल्या. “जायचं तर जा. आधी याचं काय ते कर. फोटो पाठवायचेत पोथीचे.”

धीरनाथनं पिशवी खाली ठेवली. हे त्याचं काम होतं, हे त्याला येत होतं. त्यानं चार शब्द टाइप केले, बटण दाबलं.

पडद्यावर पत्त्याच्या जागी चार शून्यं आली. मधे टिंबं.

त्याचं बोट पुढच्या बटणाकडे गेलं आणि अक्कांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला. वाळका, हलका हात. पण धीरनाथला तो हलवता येईना.

“हे काय झालं?”

“जुना पत्ता सोडला त्यानं.”

“आणि नवा?”

“अजून मागितला नाही. आता मागायला लावतो. हात काढा.”

अक्कांनी हात काढला नाही.

“आत्ता हे कुठलं? आतलं की बाहेरचं?”

“...कुठलंच नाही.”

“नाव?”

“असतं काहीतरी. पण त्या नावानं कुणाला सापडणार नाही ते.”

दोघं त्या शून्यांकडे बघत बसले. रस्त्यावर दोनच्या एसटीचा भोंगा वाजला. धीरनाथची मान दाराकडे वळली... हात अक्कांच्या हाताखालीच होता. गाडी गेली.

“असं किती वेळ राहता येतं, अक्का?” त्यानं विचारलं.

अक्कांनी डोळे मिटले.

“मला असं राहून एक्केचाळीस वर्षं झाली रे. अजून कुणी नाव-पत्ता विचारायला आलं नाही.”