राणी रंगाचं घरटं

फार जुन्या काळी, विहिरीवर झुकलेल्या एका बाभळीवर टिकोबा नावाचा सुगरण पक्षी राहत असे. विणण्यात पटाईत, पण भारी शंकेखोर. दरवर्षी घरटं विणायचा, “वीण सैल तर नाही ना?” म्हणत स्वतःच उसवायचा आणि एकटाच राहायचा.

एकदा विहिरीवर लुगडी धुणाऱ्या बायकांच्या तोंडून त्याने एका भडक गुलाबी लुगड्याबद्दल ‘राणी रंग’ हा शब्द ऐकला. “म्हणजे हा रंग लावला की घरी राणी येते!” तो हरखून गेला. निवडुंगाची पिकलेली बोंडं फोडून त्याने अख्खं घरटं भडक गुलाबी रंगवून टाकलं.

“टिकोबा, हे घर म्हणायचं की तमाशाचा तंबू?” शेजारी खिदळले.

टिकोबा ओशाळला. उसवायला म्हणून त्याने पहिल्या गाठीला चोच लावली, तोच एक सुगरण मादी येऊन घरट्याला लोंबकळली.

“लांबून रंग दिसला, म्हणून आले,” असं म्हणत तिने वीण पारखायला सगळा जोर लावून घरट्याला हिसके दिले. टिकोबाने डोळे गच्च मिटले. एक काडीही निसटली नाही.

“आपण... राणी ना?” त्याने एक डोळा उघडून विचारलं.

“आत्तापर्यंत नव्हते,” म्हणत ती आत शिरली.